दुकानापुढं चार टेबलं मांडतो, पण चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. मार्ग सुचवा

न्याहारीवाली (बेळगाव)

नमस्कार. खडे बाजार आणि गणपत गल्लीच्या मधल्या एका बोळात आमचं न्याहारीचं छोटं हॉटेल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे मिस्टर चालवतो. सकाळी उप्पीट, शिरा, पुरी-भाजी. संध्याकाळी गिरमिट, मिरची भजी, चहा. आत सहा टेबलं आहेत. दोन वर्षांपासून संध्याकाळी पाचनंतर बाहेर फुटपाथवर आणखी चार मांडतो.

का मांडतो तेही सांगते. शनिवारी बाजाराला खानापूरकडची, चंदगडकडची माणसं येतात. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली अख्खी घरं असतात. हातात पिशव्या, कडेवर पोर, सोबत थकलेली आजी. आत भज्यांच्या कढईची धग असते, तिथं ती बसायला नको म्हणतात. बाहेर मात्र आपल्या बेळगावचं संध्याकाळचं गार वारं लागतं. पिशव्या पायाशी ठेवून अर्धा तास टेकतात आणि मग बसस्टँडकडं जातात. कोरोनाच्या काळात आमचं दुकान बसलं होतं, ते या चार टेबलांनी उचललं. मुलीच्या कॉलेजची फी यातूनच निघते.

आता जे झालं ते. महिन्यापूर्वीच्या शनिवारी, साडेसहाच्या सुमारास, आमच्याकडं कित्येक वर्षं चहाला येणाऱ्या एक निवृत्त बाई येत होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं सावकाश चालतात. आमची टेबलं भरलेली होती. फुटपाथवरून जायला वाट नव्हती म्हणून त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मागून आलेल्या दुचाकीचं हँडल त्यांच्या कापडी पिशवीच्या बंदात अडकलं आणि त्या आडव्या झाल्या. मनगट मोडलं. पिशवीतला अर्धा डझन केळ्यांचा घड रस्त्यावर पडलेला मला अजून दिसतो.

पुढच्या आठवड्यात हाताला प्लास्टर घालून त्या आल्या, आत बसल्या, डाव्या हातानं कप धरून चहा प्याल्या आणि पैसे ठेवून गेल्या. मला एक शब्दसुद्धा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्टर म्हणतात, आपण एकट्यानं काढून काय होणार? शेजारी कपड्यांच्या बाहुल्या फुटपाथवर, पलीकडं प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड, समोर दुचाकींची रांग. ते चूक बोलत नाहीत. पण ती बाई बाहुल्यांमुळं रस्त्यावर उतरली नव्हती, माझ्या टेबलांमुळं उतरली होती.

दुकान बंद झाल्यावर मी शिंप्याची टेप घेऊन मोजलं. आमच्या पायरीपासून फुटपाथच्या कडेपर्यंत आठ फूट. टेबल अडीच फूट, दोन्हीकडच्या खुर्च्या सव्वा-सव्वा फूट, झाले पाच. माणूस बसला की खुर्ची आणखी मागं सरकते. उरलेल्या तीन फुटांत कडेला विजेचा खांब आहे, तो फूटभर खातो. त्यात दुचाक्यांची पुढची चाकं कडेवर चढलेली असतात. म्हणजे मी वाट ठेवलीच नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी गल्ल्यावर बसून एक काम केलं. आमच्यासमोर जो कोणी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरेल, त्याच्या नावानं वाटीत एक चिंचोका टाकायचा. साडेपाचला सुरू केलं. सहा वाजायच्या आत वाटी भरली, दुसरी घ्यावी लागली. त्यात पाळण्यातल्या बाळाची गाडी ढकलणारी एक मुलगी होती. तिनं गाडी उचलून खाली घेतली, आमची चार टेबलं ओलांडल्यावर पुन्हा उचलून वर घेतली.

मला विचारायचंय ते असं. चालणाऱ्यासाठी किती जागा सोडायची याचा काही नियम आहे का? बाहेर टेबल लावायला परवानगी मिळते का? आणि दुचाक्यांचं काय करायचं? “सगळं उचला, विषय संपला” असं सांगणारे दुकानात रोज भेटतात. मला गिऱ्हाईकही बसवायचंय आणि त्या बाईंना वाटही द्यायचीय.


नकाशावाला (टिळकवाडी)

ताई, तुम्ही मोजलंत हेच मोठं काम केलंत. मी आर्किटेक्ट आहे, म्हणून आकड्यांपासूनच सुरू करतो.

रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिची पादचाऱ्यांच्या सोयींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. त्यात चालण्याची मोकळी पट्टी कमीत कमी १.८ मीटर सांगितलीय, म्हणजे जवळजवळ सहा फूट. बाजारपेठेत ती २.५ मीटर हवी. ही पट्टी सलग मोकळी हवी, खांब, झाड, पाटी यांतलं काहीही त्यात येता कामा नये. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील एवढी ती १.८ मीटरची रुंदी आहे. फुटपाथची उंचीही १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडं काही ठिकाणी गुडघ्याशी येणारा फुटपाथ आहे, म्हातारी माणसं तो पाहूनच रस्त्यावरून चालतात.

आता तुमचा हिशेब. आठातून खांबाचा एक फूट गेला, सात उरले. बाजारपेठेतले अडीच मीटर तर इथं बसतच नाहीत, म्हणून कमीत कमी सहा चालणाऱ्याचे. तुमच्याकडं एक फूट शिल्लक राहतो. स्पष्ट सांगतो, त्या फुटपाथवर बसायच्या टेबलाला जागा नाही. अडीच फुटांचं टेबल दीड फुटांचं केलंत तरी नाही.

कायद्याचं म्हणाल तर एक गल्लत बाजारात सर्रास होते, ती तुम्ही करू नका. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. तो हातगाडीवाल्याला, पाटी घेऊन बसणाऱ्याला संरक्षण देतो. ज्याचं पक्कं दुकान आहे त्यानं बाहेर टेबलं मांडली तर त्याला तो कायदा लागू होत नाही. त्यासाठी महापालिकेची वेगळी परवानगीच हवी. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोकळा, चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातला हक्क असल्याचं म्हटलंय. म्हणजे त्या बाईंची वाट ही तुमच्या चांगुलपणावर सोडलेली गोष्ट राहिलेली नाही.

पण तुमचा प्रश्न इथं संपत नाही, कारण तुम्ही फक्त फुटपाथ मोजलाय. टेप घेऊन एक पाऊल खाली उतरा. जिथं दुचाक्या उभ्या असतात ती पट्टी मोजा. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. तेवढ्यात चार-चार खुर्च्यांची तीन टेबलं आरामात बसतात. एका मोटारीतून एक माणूस उतरतो आणि तीन तास ती जागा अडवून ठेवतो. त्याच तीन तासांत तुमच्या तीन टेबलांवर किती घरं टेकून जातील ते तुम्हीच सांगा.

हे जगात नवीन नाही. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही डिझाइनरांनी पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकून तेवढ्या वेळापुरती ती जागा घेतली, हिरवळ अंथरली आणि बाकडं ठेवलं. लोक येऊन बसले. २०१० पासून त्या शहरानं असे ओटे अधिकृत केले. पार्किंगच्या जागेत फळ्यांचा ओटा, फुटपाथच्या पातळीला, तीन बाजूंनी कठडा. चालणारा फुटपाथवरून सरळ जातो, बसणारा ओट्यावर बसतो.

आपल्याकडं करायचं तर दोन गोष्टी सांभाळायच्या. गटाराच्या तोंडावर फळी येता कामा नये, आणि ओटा सुटा हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं जो पाऊस कोसळतो त्यात तुंबलेलं गटार साफ करायला माणूस खाली उतरू शकला पाहिजे.


कापडवाले काका

मी गणपत गल्लीत कापडाचा व्यापारी आहे. वरचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

पार्किंग काढा म्हणणं सोपं आहे. आमचं गिऱ्हाईक हुक्केरीहून, बैलहोंगलहून, सावंतवाडीहून गाडी करून येतं. बस्ता बांधायचा म्हणजे चार गठ्ठे. गाडी लांब लावायची म्हटली तर ते पुढच्या वेळी दुसरीकडं जाईल, नाहीतर मोबाइलवर मागवेल. दुकानात सहा पोरं कामाला आहेत, त्यांचे पगार मला महिन्याच्या महिन्याला द्यायचे असतात. माल उतरवायचा टेम्पो तर अर्धा दिवस बोळाच्या तोंडावर अडकतो. त्यात आणखी ओटे आले तर हमालानं गठ्ठा डोक्यावर घेऊन जायचं कुठून?

एवढं लिहिलं आणि सकाळी दुकान उघडताना समोर नीट बघितलं. दहा वाजता, एकही गिऱ्हाईक आलेलं नसताना, दुकानासमोर अकरा दुचाक्या. त्यातल्या दोन माझ्या घरच्या, माझी आणि मुलाची. पाच आमच्या पोरांच्या. दोन शेजारच्या सराफाच्या. उरलेल्या दोन कोणाच्या कळलं नाही. या सगळ्या रात्री नऊ वाजता हलतात. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी मी भांडतोय त्याला तिथं जागा कधी मिळतच नव्हती. आम्हीच अडवून बसलो होतो. इतकी वर्षं रोज तिथूनच आत जातोय, पण हे दिसलं नव्हतं.

वहिनी, ओट्याला माझी अजून पूर्ण संमती नाही. पण आमच्या सात गाड्या पैसे भरून पार्किंगच्या जागेत लावायला मी तयार आहे, पोरांचे पैसे मी देईन. आणि माल सकाळी नऊच्या आत उतरवून घ्यायचा असं आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी ठरवलं तर पुष्कळ फरक पडेल. हे मी बोलून बघतो.


पांढरी काठी (शहापूर)

मला दिसत नाही. मोबाइल वाचून दाखवतो, मी बोलून लिहितो. शब्द चुकले तर समजून घ्या.

दुकानदारांना एक गोष्ट कळत नाही, कारण त्यांनी कधी काठीनं रस्ता चाचपलेला नसतो. मी काठी जमिनीलगत फिरवतो. टेबलाचे पाय आत असतात आणि वरची फळी बाहेर आलेली असते. काठी फळीच्या खालून निघून जाते, काही लागत नाही, मी पुढं पाऊल टाकतो आणि कडा बरगडीत बसते. त्या टेबलावर गरम चहा असतो. एकदा माझ्यामुळं एका लहान मुलीच्या पायावर चहा सांडला. ती रडायला लागली, तिची आई मला ओरडली, आणि मी कोणत्या दिशेला वळून माफी मागायची हे मला समजेना.

खुर्ची टेबलापेक्षा वाईट, कारण ती रोज वेगळ्या जागी असते. भिंत, खांब, पायरी हे मला पाठ असतं. शहापूरच्या खडे बाजारापासून कपिलेश्वरापर्यंतच्या वाटेवरची प्रत्येक पायरी मला पाठ आहे. सरकणारी वस्तू पाठ करता येत नाही. आणि सगळ्यात वाईट ते घडीचे बोर्ड, “आजचा स्पेशल” लिहिलेले. ते तर वाटेच्या बरोबर मध्ये उभे असतात.

ताई, ओटा करा किंवा करू नका, पण जे काही ठेवाल त्याची हद्द जमिनीपर्यंत आलेली असू दे. कुंड्यांची रांग असली तरी चालेल, काठीला लागते. हद्द रोज त्याच जागी असू दे. आणि दुकानाच्या भिंतीकडची बाजू मोकळी ठेवता आली तर फार बरं, कारण आमच्यातले बरेच जण भिंतीच्या आधारानं चालतात.


निवृत्त हवालदार

वाहतुकीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. चार गोष्टी सांगतो.

पहिली, गॅसची शेगडी आणि सिलिंडर बाहेर आणू नका. टेबलं बाहेर आली की पाठोपाठ भज्यांची कढई बाहेर येते, मी हे अनेकदा पाहिलंय. गर्दीत कोणाच्या धक्क्यानं कढई कलंडली तर काय होईल हे सांगायला नको. दुसरी, अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका बोळात शिरेल एवढी रुंदी कायम मोकळी ठेवा. ती गाडी आणून प्रत्यक्ष फिरवून बघा, कागदावर बघू नका. तिसरी, सगळं सामान दहा मिनिटांत उचलता आलं पाहिजे. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक आणि गणपती विसर्जन, या दोन रात्री पेठेत काडी ठेवायलाही जागा नसते.

चौथी वेळेबद्दल. रस्ता चोवीस तास एकाच कामाला ठेवायची गरज नाही. इंदूरचा सराफा बघा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच दुकानांपुढं खाण्याच्या गाड्या लागतात. मध्यरात्र उलटली तरी लोक खातात. त्याच इंदुरात छप्पन दुकान म्हणून जागा आहे, तिथला समोरचा रस्ता २०२० साली वाहनमुक्त करून बसायची सोय केली. बेंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन केला. तेव्हा रोज नाही जमलं तर शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ एवढंच मागा. पण बोळात राहणाऱ्या घरांची गाडी आत-बाहेर जायची सोय आधी ठरवा. ती नाही ठरवली तर पहिली तक्रार त्यांचीच येते, आणि ती रास्त असते.


येळ्ळूरची फुलं

माझी आजी फुलं विकती. ती सांगालीय तसं मी लिहालोय.

आजी म्हणालीय, सगळ्यांची जागा मोजून झाली, माझ्या पाटीची कोण मोजणार? मी सकाळच्या बसनं येतो, अबोली, शेवंती, मोगरा घेऊन. सकाळी एका दुकानाच्या पायरीशी बसायचं, त्यांचं शटर उघडलं की उठायचं. मग खांबाशी. दुपारी ऊन तिथं आलं की पलीकडं. फुलं उन्हात तासभर टिकत नाहीत, पाणी मारून मारून किती मारायचं. संध्याकाळी हॉटेलची टेबलं आली की पुन्हा उठायचं. साफसफाईची गाडी आली की पहिली माझी पाटी उचलतात. टेबलाला पाय चार असतेत पण उचलतेत पाटी.

आता तुमाला ओटा मिळाला तर माझं काय? तो मोठा कागद करताना मला विसरू नका एवढंच.

आणि एक सांगतो म्हणालीय. गाडीवरचा माणूस वेणी घेत नाही. गाडी थांबवायची, स्टँड लावायचा, पाकीट काढायचं, कोण करणार? वेणी चालत जाणारी बाईच घेती. चार पावलं पुढं जाती, वास येतो, परत मागं फिरती. दुचाक्या दाटून लागल्या त्या दिवशी माझी फुलं उरतेत. मोकळं असलं की संध्याकाळी सातलाच पाटी रिकामी. हे मला कुणी शिकवलेलं नाही, उरलेली फुलं घरी नेतो ना मी.


नकाशावाला (टिळकवाडी)

आजींना सांगा, त्यांच्यासाठीच तो २०१४ चा कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणत्याही फेरीवाल्याला हटवता येत नाही, असं त्यात लिहिलंय. जागा ठरवणाऱ्या शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया हव्यात. हलवायचं झालंच तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर तू आजींना घेऊन जा आणि सर्वेक्षणात नाव आहे का ते विचार. आधार कार्ड आणि पाटीसह एक फोटो जवळ ठेव.

आणि त्यांचं वेणीचं निरीक्षण व्यापाऱ्यांच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं असं आहे.


न्याहारीवाली (बेळगाव)

तीन आठवड्यांनी लिहितेय. वेळ लागला कारण नुसतं “बघते” असं लिहायचं नव्हतं.

चारही टेबलं आत घेतली. पहिल्या शनिवारी गल्ल्यात फरक पडला, मिस्टर रात्री जेवताना काही बोलले नाहीत. मग आम्ही सुताराला बोलावलं. शिल्लक असलेला एक फूट आणि आमची स्वतःची पायरी, एवढ्यात काय बसेल? त्यानं भिंतीला बिजागरीची फळी लावून दिली, दहा इंच रुंद, नऊ फूट लांब, कोपराच्या उंचीला. उभ्यानं चहा-भजी खायची, दुकान बंद करताना फळी खाली पाडायची. पांढरी काठीवाल्या दादांचं वाचल्यावर ती सुद्धा बदलली. फळीच्या दोन्ही टोकांना खालपर्यंत उभी पट्टी मारून घेतली, म्हणजे काठीला आधी पट्टी लागेल. दादा, भिंतीकडची बाजू मोकळी ठेवता आली नाही, ते तुम्हाला आधीच सांगते. तुम्ही एकदा येऊन काठी फिरवून बघाल का? चुकलं असेल तर सुतार पुन्हा येईल, त्याला तसं सांगून ठेवलंय. बोर्ड आता दारावर टांगलाय.

उभ्यानं खाणारं गिऱ्हाईक दहा मिनिटांत निघतं, त्यामुळं धंदा मी भीत होते तितका पडला नाही. पण पिशव्या घेऊन आलेल्या आजींना उभं कसं ठेवणार? आतली दोन टेबलं आम्ही आता त्यांच्यासाठीच राखतो, कॉलेजची पोरं आली की फळीकडं पाठवतो. पोरं कुरकुर करत नाहीत.

कापडवाले काकांनी शब्द पाळला. त्यांच्या ओळीतल्या पाच दुकानांच्या मिळून बऱ्याच दुचाक्या हलल्या. जागा रिकामी झाली तशी दुसऱ्यांनी येऊन भरली, हेही खरं आहे. नुसतं आपण गाड्या काढून भागत नाही, ती जागा कशासाठी हे ठरून तिथं तसं काहीतरी उभं राहिलं पाहिजे. म्हणून परवा आठ दुकानांनी मिळून अर्ज केला. शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ, दोन मोटारींएवढी जागा, सुटा ओटा, पावसाळ्यात काढून ठेवायचा, शेगडी बाहेर आणायची नाही. शेजारच्या सराफांच्या मुलीनं अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला, मी मराठी प्रत जोडली. नकाशा टिळकवाडीच्या दादांनी काढला. उत्तर काय येतं ते इथं कळवीनच.

हवालदार काका, बोळातल्या घरांना भेटून आले. बारा घरं आहेत. दहांनी सही केली. एका आजोबांना दर शनिवारी डायलिसिसला न्यायला गाडी येते, सातच्या सुमारास परत सोडते. त्यांच्यासाठी ओटा नकाशात दुसऱ्या टोकाला सरकवला. शेवटचं घर अजून नाही म्हणतंय, त्यांना आवाजाची भीती आहे. पुन्हा जाणार आहे.

त्या बाईंच्या घरी गेले होते. प्लास्टर निघालंय, बोटं अजून नीट वळत नाहीत. मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, टेबलं काढलीस का? हो म्हटलं. मग म्हणाल्या, चहा सुंठीचा ठेवत जा गं, थंडी सुरू होईल आता. गेल्या शनिवारी आल्या, फुटपाथवरूनच आल्या. मी गल्ल्यावरून बघत होते.

येळ्ळूरच्या आजींना निरोप दे बाळ. खांबाच्या अलीकडं, जिथं दुपारनंतर आमच्या पत्र्याची सावली पडते, तिथं दोन फूट बाय तीन फूट चौकोन नकाशात काढलाय आणि त्यात “फुलांची पाटी” असं लिहिलंय. चालायच्या सहा फुटांच्या बाहेर आहे, दोनदा मोजलं. पाणी मारायला नळ आमचाच वापरा. शनिवारी आलात की आधी आत या, जागा दाखवते. पाटी तिथं बसते का ते ठेवून बघू, नाही बसली तर अर्ज पुढं जायच्या आत नकाशा बदलून घेता येईल.